अमेरिकेत नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालतात, ते खरंच विष आहे का?

प्रश्नाखालचा तुमचा तपशील वाचला. टॅम्पाला राहता, मुलगी दोन वर्षांची, फ्लोरिडाने पाण्यात फ्लोराइड घालणं बंद केलंय आणि घरच्या ग्रुपवर 'खताच्या कारखान्यातलं विष इतकी वर्षं पाजलं' असे मेसेज फिरतायत. माहेर पांढरकवड्याकडचं आहे असंही लिहिलंय, म्हणून राहवलं नाही. मी त्याच यवतमाळ जिल्ह्यात बरीच वर्षं दातांचा दवाखाना चालवतो. तुमच्याकडे भांडण फ्लोराइड घालायचं की नाही याचं. आमच्याकडे ते पाण्यातून काढायचं कसं, याची मारामार.

आधी खताच्या कारखान्याचं बोलू, कारण ते निम्मं खरं आहे. फॉस्फेट खत बनवताना जे वायू निघतात ते धुऊन हायड्रोफ्लुओसिलिसिक आम्ल मिळतं आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पाण्यात तेच घालतात. फॉस्फेटच्या खाणी तर तुमच्या टॅम्पाच्या शेजारीच आहेत. पण पाण्यात मिसळल्यावर त्यातून सुटणारं फ्लोराइड आणि तुमच्या माहेरच्या केळापूर तालुक्यातल्या बोअरच्या पाण्यात खडकातून उतरलेलं फ्लोराइड यांत काडीचा फरक नसतो. कुठून आलं यापेक्षा पोटात किती गेलं ते विचारा.

ही सगळी कथा सुरू झाली तीच डागाळलेल्या दातांपासून. 1901 साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला आणि पाहतो तर तिथे वाढलेल्या पोरांचे दात तपकिरी. गंमत अशी की त्या दातांना कीड कमी. कारण सापडायला तीस वर्षं गेली: पाण्यातलं फ्लोराइड. मग डाग पडू नयेत पण कीड तर थांबावी असा आकडा शोधला, तो लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आसपास आला. 1945 च्या जानेवारीत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सने पहिल्यांदा ते नळाला घातलं.

मॅकेने पाहिलेले दात माझ्या खुर्चीत दर आठवड्याला येतात. पुढच्या दातांवर आधी खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या आडव्या रेघा, मग त्या पिवळ्या, मग चॉकलेटी. लग्न ठरायच्या बेतातली मुलं येतात, हसताना वरचा ओठ खाली ओढून धरतात. "डॉक्टर, साफ करून द्या, पाहुणे म्हणतात पोरगा तंबाखूचा खर्रा खातो." घासून काय निघणार? डाग दातावर बसलेला नसतो. हिरडीखाली दात घडत होता, म्हणजे पहिल्या सात-आठ वर्षांत, तेव्हाच तो आतून तसा बनलेला असतो.

दातांपर्यंतच थांबलं तर नशीब म्हणायचं. एका शिबिरात आम्ही नाणं उचलायला लावत होतो. जमिनीवर रुपया ठेवायचा, गुडघे न वाकवता तो उचलायचा. साधीच चाचणी, फ्लोराइडने पाठीचा कणा किती ताठरलाय ते कळतं. साठीच्या आतली एक बाई अर्ध्यावर वाकून थांबली आणि म्हणाली, "राहू द्या तो रुपया, तुम्हालाच होईल." सगळे हसले, तीही हसली. तिच्या वस्तीवरच्या हापशीला तोवर लाल रंग, म्हणजे हे पाणी पिऊ नका अशी खूण, मारून झाला होता. तरी लोक पाणी भरत होते, कारण दुसरं पाणी कोसभर लांब. हापशी आली तेव्हा मात्र तिचं कौतुकच झालं होतं. उघड्या विहिरीचं पाणी पिऊन गॅस्ट्रो आणि कावीळ व्हायची, म्हणून खोल बोअर मारले. ते पाणी जंतूंच्या बाबतीत चोख, पण वर्षानुवर्षं खडकात मुरलेलं.

आता आकडे शेजारी ठेवा. अमेरिकेत 2015 पासून शिफारस लिटरला 0.7 मिलिग्रॅमची आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 1.5. भारतीय मानकात 1 पर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं. त्यात हवामानही आलं. 1962 साली अमेरिकेने शिफारस केली तीच मुळी 0.7 ते 1.2 अशी, गरम भागात कमी आणि थंड भागात जास्त, कारण उन्हात माणूस जास्त पाणी पितो. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो. कापसाच्या रानात राबणारा गडी सहा लिटर सहज पितो. पाण्यात 2 मिलिग्रॅम असेल तर त्याच्या पोटात 12 गेले. थंड ऑफिसात दीड लिटर पिणाऱ्याच्या पोटात तुमच्याकडच्या बंदीआधीच्या 0.7 च्या पाण्यातून एकच जाईल.

फ्लोराइडने मुलांचा बुद्ध्यांक घटतो असं म्हणतात त्याचं म्हणाल, तर ते सगळंच थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा अहवाल आला. लिटरला 1.5 च्या वर फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध दिसतो, असं त्यांनी मध्यम खात्रीने म्हटलं. 0.7 बद्दल सांगायला पुरेशी आकडेवारी नाही, हेही त्याच अहवालात आहे. मेसेजमध्ये हे दुसरं वाक्य नेमकं गळतं. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका संघीय न्यायाधीशांनी पर्यावरण खात्याला या धोक्याची दखल घ्यायला सांगितलं, आणि 0.7 ने नक्की अपाय होतोच असा आपला निष्कर्ष नाही, हेही लिहिलं. 2025 च्या मे महिन्यात युटाने आणि 1 जुलैपासून फ्लोरिडाने बंदी लागू केली.

फायद्याची बाजूही तितकीशी भक्कम राहिलेली नाही, हे आमच्या धंद्यातले लोक मोकळेपणाने बोलत नाहीत. फ्लोराइडचं मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावर होतं. गोड खाल्ल्यावर तोंडातले जंतू आम्ल करतात, त्याने दाताचं कवच झिजतं आणि फ्लोराइड हजर असलं तर ते पुन्हा भरून यायला मदत होते. हे काम आता टूथपेस्ट करते. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2024 च्या आढाव्यात, 1975 नंतरचे अभ्यास धरले तर पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दुधाच्या दातांतली कीड सरासरी पाव दाताने कमी होते, एवढंच निघालं. पण कॅनडातल्या कॅलगरी शहराकडेही बघा. 2011 मध्ये त्यांनी पाण्यात फ्लोराइड घालणं बंद केलं. काही वर्षांनी तिथल्या दुसरीच्या मुलांत कीड सुमारे 65 टक्क्यांना आणि त्याच प्रांतातल्या, फ्लोराइड चालू असलेल्या एडमंटनमध्ये 55 टक्क्यांना होती. शेवटी कॅलगरीने लोकांचं मत घेतलं आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू केलं. ज्या घरात ब्रश नियमित होतो आणि विमा आहे, तिथे बंदीने फारसं बिघडत नाही. ज्या पोराला दात किडल्यावर थेट उपटायलाच नेतात, त्याचं बिघडतं. म्हणून माझं मत विचाराल तर फ्लोरिडाने घाई केली. आणि भारतात कुणी नळाला फ्लोराइड घालायची टूम काढली तर मी मोर्चात पहिला असेन.

तुमच्या मुलीला दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करा. आत्ता तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, ती तीन वर्षांची झाल्यावर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पिळतात ती पेस्ट खपवायला. थुंकायला शिकवा, पण नंतर खळखळून चुळा भरायला लावू नका. रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपायची सवय असेल तर ती आधी मोडा. दात किडवण्यात तिचा वाटा मोठा.

दिवाळीत माहेरी याल तेव्हा मात्र घरच्या बोअरचं पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नेऊन फ्लोराइडसाठी तपासून घ्या, मुद्दाम फ्लोराइड म्हणून सांगा. दीडच्या वर निघालं तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी आरओचं पाणी वापरा. नुसता कँडलचा किंवा यूव्हीचा फिल्टर ते काढत नाही. आजी म्हणेल, "उकळून देते की पोरीला." उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड तिथेच राहतं, आणि पाण्याची वाफ गेली की उलट थोडं वाढतंच.