पुलापलीकडची निवडणूक

प्रश्न : माझी सून न्यू जर्सीत असते, नुकतीच तिकडची नागरिक झाली. मतदानाचं विचारलं तर म्हणते, ‘आई, आमच्या राज्याचा निकाल ठरलेलाच असतो, जाऊन काय उपयोग?’ 2016 साली हिलरी क्लिंटन जास्त मतं पडूनही हरल्या, तेही मला कधी उमगलं नाही. सुनेचं खरं का? नातू तिथेच सरकारी शाळेत दुसरीत आहे. – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सूनबाईंचं निम्मं खरं.

2016 च्या ऑक्टोबरात मी मुलाकडे ट्रेंटनजवळ होतो. शाळेत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, पण ही भानगड मला कळली ती तिथल्या पुलावर. ट्रेंटन ही न्यू जर्सीची राजधानी. डेलावेअर नदीवरचा लोखंडी पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया. अलीकडे शुकशुकाट, निवडणूक आहे हे सांगावं लागावं असा. पलीकडे मॉरिसव्हिलला अंगणाअंगणात उमेदवारांच्या पाट्या, दारोदार कार्यकर्ते. टीव्हीवरची चॅनेल मात्र फिलाडेल्फियाची, त्यामुळे त्यांच्यासाठीच्या प्रचाराच्या जाहिराती आमच्याही माथी! बेसबॉलची मॅच बघणं मुश्किल झालं होतं.

कारण असं, की राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तिथे राज्याराज्यांत वेगवेगळी होते. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांत राज्याचे जितके सदस्य, तितके त्याचे इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी. वॉशिंग्टन शहराचे 3 धरून एकूण 538, जिंकायला 270. मेन आणि नेब्रास्का सोडले, तर राज्यात पहिला आलेला सगळेच्या सगळे इलेक्टर घेऊन जातो, मग तो एका मताने येवो की लाखांनी. म्हणून जिथे चुरस, तिथेच प्रचार; न्यू जर्सीचा निकाल ठरलेला, पेनसिल्व्हेनियाचा नाही. पेनसिल्व्हेनियात ट्रम्प साधारण 44 हजारांनी पुढे राहिले आणि तिथले तेव्हाचे 20 इलेक्टर त्यांच्या खिशात. मिशिगन, विस्कॉन्सिनलाही तसंच. तिन्ही राज्यांतली आघाडी मिळून सुमारे 78 हजार, आणि निकाल तिथेच लागला. क्लिंटनबाई देशभरात 28 लाखांहून जास्त मतांनी पुढे होत्या, एकट्या कॅलिफोर्नियात 42 लाखांनी. पण त्या जादा मतांचा एकही इलेक्टर वाढत नाही.

आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही आमदाराच्या मताला मूल्य असतं, महाराष्ट्राच्या 175, सिक्कीमच्या 7. पण ते लोकसंख्येच्या हिशोबाने. तिकडे सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, दोन जागा लहानमोठ्या सगळ्या राज्यांना सारख्याच, म्हणून सहा लाखांच्या आतल्या वायोमिंगलाही 3 इलेक्टर. मला हे पटत नाही. मुलाशी यावरून वाद व्हायचा, तो म्हणायचा, नाहीतर लहान राज्यांना विचारतो कोण? मी म्हणायचो, विचारतात कुठे, वायोमिंगला प्रचाराला जातं तरी कोण?

आता सूनबाईंचं चुकतं ते. मतदानाआधी मुलाकडे टपालाने नमुना मतपत्रिका आली होती, ती फ्रिजवर लावलेली. राष्ट्राध्यक्ष म्हणजे त्यावरची फक्त वरची ओळ. खाली प्रतिनिधीगृह (संसदेचं खालचं सभागृह), काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), गावची कौन्सिल, शाळा मंडळ. शेवटी चक्क प्रश्न : न्यू जर्सीतलं कॅसिनोंचं शहर अटलांटिक सिटी, त्याबाहेरही कॅसिनो काढू द्यावेत का? लोकांनी दणकून नाही म्हटलं, आणि नाही म्हणजे नाहीच झालं. घरपट्टी तिथे जबर, त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांना जातो. तो कसा खर्चायचा ते शाळा मंडळ ठरवतं, आणि मंडळावर माणसं निवडून येतात ती थोड्याथोडक्या मतांनी, तिथे इलेक्टरबिलेक्टर काही नाही.

नातू सरकारी शाळेत आहे म्हणता, तर पुढच्या फोनवर सूनबाईंना एवढंच विचारा, यंदा शाळा मंडळाला कोण उभं आहे?