'जॉर्जियन टेरेस'मध्ये गच्ची शोधू नका

प्रश्न असा आहे : एका इंग्रजी प्रवासवर्णनाचा अनुवाद करताना 'बाथ शहरातल्या एका जॉर्जियन टेरेसमध्ये त्या राहत' असं वाक्य आलं. 'गच्ची' म्हटलं तर अर्थ लागत नाही आणि 'चाळ' लिहायला मन धजत नाही. मग लिहायचं काय?

शंका रास्त आहे. आपल्याकडे टेरेस म्हणजे पापड वाळत घालायची जागा. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'तेरा', म्हणजे जमीन, हा शब्द आहे. भराव घालून सपाट केलेली उंच जागा ती टेरेस. डोंगरउतारावरच्या भातशेतीची मजगी हीसुद्धा टेरेसच. अशा उंचवट्यावर एकमेकींना लागून घरं बांधली गेली आणि जागेचं नाव घरांच्या ओळीला पडलं. लंडनमध्ये थेम्सकाठी ॲडम बंधूंनी १७६८ पासून बांधलेली 'अडेल्फी टेरेस' हे याचं ठळक उदाहरण. नदीकाठच्या सखल जागेवर कमानींचं जोतं उचलून घेतलं आणि त्यावर घरांची रांग उभी केली. पुढे जोतं असो वा नसो, सलग ओळीला टेरेसच म्हणू लागले.

'जॉर्जियन'चा जॉर्जिया देशाशी काही संबंध नाही. १७१४ ते १८३० या काळात ब्रिटनच्या गादीवर लागोपाठ चार जॉर्ज बसले, त्यांचा हा काळ. मी 'जॉर्जकालीन' लिहीन. शिवकालीन, पेशवेकालीन आपण म्हणतोच की. हा काळ जवळजवळ पेशवाईच्या जोडीनं चालतो. पुण्यात १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, तेव्हा बाथमध्ये वास्तुविशारद जॉन वुड क्वीन स्क्वेअर हा घरांनी वेढलेला चौक उभारत होता.

आणि खरी मेख त्या क्वीन स्क्वेअरमध्येच आहे. त्याच्या उत्तर बाजूला सात घरं आहेत, पण समोर उभं राहिलं की एकच राजवाडा दिसतो : मधोमध त्रिकोणी माथा, दोन्ही टोकं किंचित पुढे आलेली. शब्द निवडताना हे विसरून चालणार नाही. जॉर्जकालीन टेरेस म्हणजे नुसती घरांची रांग नव्हे. अनेक मालकांची घरं एकाच दर्शनी भिंतीमागे बसवण्याची ती कल्पना आहे. सगळ्याच ओळी इतक्या भव्य नसतात, पण समोरून एकसारखं दिसणं बहुतेकींत असतंच.

वुडच्या मुलानं (त्याचंही नाव जॉन) १७६७ ते १७७५ या काळात रॉयल क्रेसेंट बांधून ही कल्पना कळसाला नेली. तीस घरांचा प्रचंड अर्धचंद्र, बाथच्या मधाळ रंगाच्या दगडात. खालचा मजला मुद्दाम साधा ठेवलेला आणि त्यावर दोन मजले उंचीचे ११४ स्तंभ. मात्र घर घेणारा खरं तर त्या दर्शनी भिंतीची ठरावीक लांबी घेत असे. मागचं घर आपल्या वास्तुविशारदाकडून हवं तसं बांधून घेई. म्हणूनच क्रेसेंटच्या पाठीमागे गेलं की कुठे खोली पुढे आलेली, कुठे छप्पर खाली उतरलेलं, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मला ही मागची बाजूही तितकीच आवडते, कारण माणसं कशी राहत होती ते तिथे कळतं. १९७० च्या दशकात इथल्या एका बाईंनी आपलं दार पिवळं रंगवलं. दारं पांढरीच हवीत म्हणून नगरपालिकेनं हरकत घेतली, प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलं आणि दार पिवळंच राहिलं.

लंडनमधल्या ओळींच्या एकसारखेपणामागे कायद्याचाही हात आहे. १६६६ च्या आगीनंतर बांधकामाचे नियम कडक होत गेले. १७७४ च्या कायद्यानं घरांचे चार दर्जे ठरवले, दर्जानुसार भिंतींची जाडी नेमून दिली आणि खिडक्यांच्या लाकडी चौकटी विटांच्या आड घ्यायला लावल्या. त्या खाली-वर सरकणाऱ्या उंच खिडक्यांची चौकट समोरून जेमतेम दिसते, ती यामुळे.

आता 'चाळ' का नको? चाळीत बिऱ्हाडं आडवी मांडलेली असतात, गॅलरी आणि जिना सगळ्यांचा. टेरेसमध्ये प्रत्येक कुटुंबाकडे इमारतीचा उभा काप असतो : तळघरात स्वयंपाकघर, पहिल्या मजल्यावर सर्वांत उंच खिडक्यांचा दिवाणखाना, माळ्यावर नोकरांच्या खोल्या. दार आपलं, जिना आपला. शेजाऱ्याशी नातं फक्त सामाईक भिंतीचं.

बांधणीच्या दृष्टीनं 'रो हाऊस' चूक नाही. पण तो शब्द वाचला की नाशिक-पुण्याच्या जाहिराती आणि दारापुढचं पार्किंग डोळ्यांसमोर येतं, अठरावं शतक येत नाही. माझी पसंती 'ओळघर' या शब्दाला. तुमचं वाक्य मी असं करेन : 'बाथमधल्या एका जॉर्जकालीन ओळघरात त्या राहत.' सबंध ओळीबद्दल बोलायचं असेल तर 'ओळघरांची रांग' नको, ओळ दोनदा येते, 'ओळघरं' पुरे. पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'एकाच दर्शनी भिंतीमागची' एवढं जोडलंत तर तळटीप लागणार नाही. विशेषनाम असेल तिथे मात्र 'अडेल्फी टेरेस' तसंच ठेवा.