प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळू नये म्हणून व्यायाम कधीपासून आणि कसे करावेत?

तुमच्या वडिलांचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलंय आणि व्यायाम नंतर सुरू केले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, आजपासूनच करू द्या. नंतर ती जागा दुखरी असते आणि नेमका स्नायू सापडायलाच वेळ जातो.

कॅन्सरसाठी प्रोस्टेट पूर्ण काढतात तेव्हा मूत्राशयाच्या तोंडाशी आपोआप बंद राहणारी यंत्रणा बरीचशी जाते. मग लघवी धरायचा भार खालच्या, आपल्या ताब्यातल्या स्नायूवर येतो.

‘वायू रोखल्यासारखं आवळा’ एवढंच सांगितलं तर मागचा भाग जास्त आवळला जातो. त्यापेक्षा ‘लिंग आत ओढा, वृषण वर उचला’ असं सांगा. आरशासमोर उभं राहिलं की लिंगाचं मूळ किंचित आत जाताना दिसतं. नितंब घट्ट झाले, पोट फुगलं किंवा श्वास अडकला तर जोर कमी करायचा.

5 सेकंद आवळून धरायचं, 10 सेकंद पूर्ण सैल सोडायचं. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं 10 सेकंदांपर्यंत न्या. उत्साहात शेकड्यांनी करू नका, दमलेला स्नायू संध्याकाळी जास्त गळू देतो. लघवीची धार मध्येच तोडून सराव नको. ऑपरेशननंतर लघवीसाठी बसवलेली नळी आत असताना व्यायाम पूर्ण बंद. ती काढल्यावर सर्जनना विचारून पुन्हा सुरू.

खरी गळती होते ती उठताना, खोकताना, वजन उचलताना. म्हणून क्रम अंगवळणी पडू द्या: खुर्चीच्या कडेला सरका, आधी आवळा, श्वास सोडत उठा, नीट उभं राहिल्यावरच सैल सोडा. नुसत्या पडून केलेल्या व्यायामाने हे साधत नाही.

गळतं म्हणून पाणी तोडू नका, गडद लघवीने घाई वाढते. चहा-कॉफी कमी करा, शौचाला कुंथणं टाळा.

प्रगती पॅडच्या संख्येवरून कळत नाही, कारण कुणी जरासा ओलावा आला तरी पॅड बदलतो. आठवड्यातून एकदा 24 तासांतले सगळे पॅड वजन करा आणि तेवढ्याच कोऱ्या पॅडचं वजन वजा करा. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली.

बहुतेकांना 3 ते 6 महिन्यांत चांगला फरक पडतो, सुधारणा वर्षभर चालू राहू शकते. आकडा महिनोन्‌महिने हललाच नाही तर युरोलॉजिस्टना दाखवा, स्लिंग (मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी) किंवा कृत्रिम झडप बसवता येते. धार बारीक होत गेली तरी दाखवून घ्या, मूत्राशय आणि मूत्रमार्ग जिथे जोडलेत ती जागा आकसलेली असू शकते. लघवी पूर्ण अडकली, थंडी-ताप आला किंवा रक्ताच्या गाठी पडल्या तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.