ताकद कॉर्व्हेट स्टिंग रेची जास्त, मग टॉप स्पीड जॅग्वार ई-टाइपचा जास्त कसा?

साठच्या दशकातल्या या दोन स्पोर्ट्स कारचे कागदावरचे आकडे पाहून हा प्रश्न पडतो. १९६१ची ई-टाइप ३.८ लिटर, २६५ अश्वशक्ती. १९६३ची फ्युएल इंजेक्शनवाली स्टिंग रे ५.४ लिटर, ३६० अश्वशक्ती. पण दोन्ही आकडे 'ग्रॉस' आहेत. त्या काळी पंखा, सायलेन्सर वगैरे न जोडता, नुसतं इंजिन टेस्ट बेंचवर चढवून ताकद मोजायचे. गाडीत बसवल्यावर दोन्ही इंजिनं त्याहून बरीच कमी ताकद देतात.

तरी कॉर्व्हेट वरचढ आहेच, आणि पिकअपमध्ये ते लगेच दिसतं. त्या काळच्या रोड टेस्टमध्ये ताशी ६० मैल गाठायला तिला सहा सेकंदांहून किंचित कमी लागले, ई-टाइपला सातच्या आसपास.

टॉप स्पीडला मात्र गाठ हवेशी असते. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद ३३ टक्के जास्त हवी. ई-टाइपला आकार देणारे माल्कम सेयर विमान उद्योगातून आलेले. तिचं नाक अरुंद, हवा आत घ्यायचं तोंड लहान. स्टिंग रे दिसते धारदार, पण जोरात पळाली की तिचं नाक वर उचललं जातं आणि हवेचा अडथळा वाढतो. त्यात टेस्टच्या कॉर्व्हेटचा डिफरन्शियल रेशो (चाकं एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो ते प्रमाण; ते जास्त तर पिकअप चांगला, पण टॉप स्पीड कमी) ३.७०, ई-टाइपचा ३.३१, म्हणजे कॉर्व्हेट पिकअपसाठीच बांधलेली. ती ताशी १४२ मैलांवर थांबली, ई-टाइप १५०ला पोचली. अर्थात ती ई-टाइप कंपनीने खास तयार करून दिलेली होती. शोरूममधून घेतलेली गाडी सहसा तिथवर जात नाही. खरा फरक या आकड्यांवरून वाटतो तेवढा नाही.

माझ्या मते ब्रेकचा फरक जास्त मोठा आहे. ई-टाइपला पहिल्यापासून चारही चाकांना डिस्क, आणि मागच्या डिस्क तर चाकांत नसून आत डिफरन्शियलला चिकटून. त्यामुळे मागची चाकं हलकी राहतात आणि खडबडीत रस्त्यावरही पकड सोडत नाहीत. पॅड बदलायला मात्र गाडीखाली शिरावं लागतं. १९६३च्या कॉर्व्हेटला चारही ड्रम. सलग जोरात ब्रेक मारले की ते तापून ढिले पडतात.

ई-टाइपची दुखरी जागा म्हणजे गिअरबॉक्स. ३.८ लिटरच्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर टाकताना फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी यंत्रणा) नाही, गाडी हळू चालत असताना पहिला टाकायचा तर दात कुरकुरतात. १९६४च्या ४.२ लिटर ई-टाइपमध्ये हे सुधारलं, आणि १९६५मध्ये कॉर्व्हेटला चारही डिस्क आल्या. तेव्हा तुलना करायचीच तर या दोन गाड्यांची करा. त्यांतही मी ४.२ ई-टाइपच घेईन.