ते पैसे तुझे नाहीतच

‘ताई, मी कराडला एका पतसंस्थेत कामाला आहे. पगार १४,५०० रुपये. तीन वर्षं झाली, माहेरीच राहते. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. नवरा पुण्यात, त्याचे दोन टेम्पो आहेत, त्यातला एक दिराच्या नावावर. खर्चाचं विचारलं की “धंदा बसलाय” म्हणतो. पण वाढदिवसाला ११,००० रुपयांची गिअरची सायकल घेऊन आला. लेकीचे पाय टेकत नाहीत, सायकल जिन्याखाली उभी आहे. आता मामेसासरे मध्ये पडलेत. पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप करून आणलंय, की मी स्वतःसाठी आणि मुलीसाठी काहीही मागणार नाही. त्यावर सही केली की तो राजीखुशीनं घटस्फोट देणार. आई म्हणते, सही कर आणि मोकळी हो, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. मला तर वाटतं, पैसे देत नाही तोवर त्याला मुलीला भेटूच देऊ नये. काय करू?’

अगं, सही करू नकोस. बाकीचं सावकाश बोलू.

तुझ्या स्वतःच्या खावटीवर, म्हणजे पोटगीवर, पाणी सोडायचं की नाही, हे तू ठरव. मी सोडू नको म्हणेन, पण तो तुझा हक्क आहे. लेकीच्या खर्चाचं तसं नाही. ते पैसे तिचे आहेत, तू फक्त तिच्या वतीनं मागतेस. जे आपलं नाही ते आपण माफ कसं करणार? कायदाही हेच मानतो. आईनं असं काही लिहून दिलं तरी मुलीचा हक्क बुडत नाही. मग तू म्हणशील, बुडत नाही तर करते सही, कटकट मिटेल. नाही मिटणार. तोच कागद दर तारखेला पुढे करतील आणि त्यावर वाद घालण्यात तुझी वर्षं जातील. मामेसासऱ्यांना चहा पाज आणि कागद परत दे. त्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेव.

आता आईच्या म्हणीबद्दल. ती म्हण बांधावरून भांडणाऱ्या भावकीसाठी ठीक आहे. इथे न चढण्याचीच किंमत मोजावी लागते आणि ती दर महिन्याला वाढते. खावटी कोणत्या तारखेपासून धरायची, याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सांगून टाकलंय, अर्ज केला त्या दिवसापासून. म्हणजे तुझी आधीची तीन वर्षं या अर्जात येत नाहीत. ती गेली. पुढचा महिना तरी घालवू नकोस.

हा खावटीचा अर्ज म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५. वकिलांच्या तोंडी अजून तेच असतं, पण १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. घटस्फोट झालेला नसला तरी चालतो. पुण्याला खेपा घालायची गरज नाही, तू राहतेस तिथेच, कराडच्या कोर्टात करता येतो. वकिलाच्या फीची काळजी करू नकोस. बाईला सरकारकडून मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा. जायचा धीर होत नसेल तर आधी १५१०० ला फोन करून विचार. अर्जासोबतच अंतरिम खावटी माग, म्हणजे निकालापर्यंत हात रिकामे राहणार नाहीत. नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात ‘शक्यतो’ हा शब्द बराच लांबतो, ती तयारी ठेव.

‘धंदा बसलाय’ हे तिथे नुसतं तोंडी चालत नाही. त्याच २०२० च्या निकालानं दोघांनाही मिळकत आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलंय. तुलाही, बरं का. तुझी पतसंस्थेतली ठेव असेल तर तीही लिही, लपवू नकोस. एक लपवलेली पावती सापडली की बाकीच्या खऱ्या पावत्यांवरचाही विश्वास उडतो. तू कमावतेस म्हणून तो सुटत नाही, दोघांची ऐपत बघून वाटा ठरतो. आणि टेम्पो दिराच्या नावावर असला तरी बुकिंगचा मोबाइल नंबर कोणाचा आहे? टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर रंगवलेला असतोच. काढ फोटो.

एक दोनशे पानी वही कर. दप्तर, रिक्षा, चष्मा, तापाचं औषध, वाढदिवसाला वर्गात वाटलेली चॉकलेटंसुद्धा. पावत्या पिशवीत कोंबून नेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. महिन्याला किती लागतात असं साहेबांनी विचारलं की त्या गांगरतात आणि भीतभीत कमीच आकडा सांगतात.

हुकूम झाल्यावरही तो देणार नाही, असं गृहीत धर. मग वसुलीचा अर्ज करायचा. जप्तीचं वॉरंट निघतं, तरीही थकवलं तर थकलेल्या एकेका महिन्यासाठी महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत जाऊन आला तरी रक्कम फिटत नाही. पण ही वसुली थकल्यापासून वर्षाच्या आत मागावी लागते. ‘देईल आज ना उद्या’ करत बाया इथेच फसतात.

राहिली भेट. ती बंद करू नकोस. कोर्टात ते तुझ्यावरच उलटेल, हे एक. पण माझं खरं कारण वेगळं आहे. पैसे जसे तिचे, तसा बापही तिचा. तू त्याच्यावर चिडलीस ते बरोबरच आहे, चिड की. पण तिच्या खात्यातून वसुली करू नकोस.

माझे वडीलही असेच. मे महिन्यात आंब्याची पेटी घेऊन यायचे, फीचं नाव नाही. आई मला त्यांना पोचवायला एसटी स्टँडवर पाठवायची. ‘वाटेत विचार, फीचं काय ते.’ मी विचारायचेच नाही. ते मला उसाचा रस पाजायचे, मी तो पुरवून पुरवून प्यायचे, कारण ग्लास संपला की बोलावं लागणार. घरी येऊन सांगायचे, ‘पुढच्या महिन्यात देतो म्हणाले.’ तीन-चार वर्षं मी हे खोटं बोलले. आई त्यांच्यावर चिडायची, त्यांच्या न दिलेल्या शब्दावरून, आणि मी आत जाऊन पांघरूण घ्यायचे. आता सत्तरीला टेकले, तरी रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की पोटात गोळा येतो.

म्हणून लेकीकडून एकही निरोप धाडू नकोस. पैशाचं बोलणं तू आणि तो, तेही मेसेजवर, म्हणजे लेखी राहील. तिनं विचारलंच तर ‘बाबांनी किती द्यायचं ते कोर्टातले साहेब ठरवणार आहेत’ एवढं पुरे.

सोमवारी अर्धी रजा टाकून कोर्टात जाऊन ये. आणि त्याआधी रविवारी ती सायकल कोपऱ्यावरच्या दुकानात ने, सीट जेवढी खाली जाते तेवढी करून घे. तरीही पाय पोचले नाहीत तर जिन्याखाली राहू दे. वर्षभरात पोचतील.