पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आणि प्रवासात ऐकायला कोणता शॉर्टवेव्ह रेडिओ घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला पाचव्या मजल्यावर राहता, कामानिमित्त फिरती असते, घरी आणि हॉटेलात दोन्हीकडे चालेल असा एकच रेडिओ हवाय. मामा म्हणतात, "शॉर्टवेव्ह संपली, पैसे घालवू नकोस." मॉडेलचं नाव आधीच सांगून टाकतो: टेकसन कंपनीचा पीएल-३३०. पण नुसता तो आणून तुमचं अर्धंही काम होणार नाही, आणि मामांचं वाक्य खोडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. गेली कित्येक वर्षं हे वाक्य मी प्रत्येक लग्नाकार्यात ऐकतोय.

बीबीसीची हिंदी सेवा शॉर्टवेव्हवरून ३१ जानेवारी २०२० ला गेली. रेडिओ ऑस्ट्रेलिया ३१ जानेवारी २०१७ ला गेलं, कॅनडा आणि नेदरलँड्स २०१२ मध्ये. हे सगळं खरं आहे. पण बीबीसीची इंग्रजी, चीन, जपान, कोरिया, रोमानिया, तुर्किये, व्हॅटिकन अजून बोलताहेत, आणि पुण्यात संध्याकाळी साध्या टेलिस्कोपिक अँटेनावर त्यातली बरीच लागतात. "काहीच लागत नाही" म्हणणाऱ्याने रेडिओ कुठे ठेवला होता ते विचारा. हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, वर एलईडी पॅनल, मागे राउटर, रेडिओला चार्जर लावलेला. तिथे दहापट महागडा रेडिओ ठेवलात तरी तो तीच खरखर जास्त स्वच्छ ऐकवेल. स्टेशनं कमी झाली त्यापेक्षा घरातला गोंगाट कितीतरी वाढलाय. बहुतेक एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जर आतून स्विचिंग पद्धतीचे, म्हणजे वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारे, असतात, आणि स्वस्तातल्या चार्जरमधली फिल्टरची कॉइल उत्पादकाने वाचवलेली असते. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश नारायणगावजवळ खोडदला उभारल्या, त्यामागे माणसाने केलेला रेडिओगोंगाट तिथे कमी आहे हे एक मोठं कारण होतं. त्यांच्या लहरी वेगळ्या, पण तत्त्व तेच: आधी शांत जागा, मग यंत्र.

म्हणून रेडिओ हातात आला की सगळ्यात आधी संध्याकाळी सहाच्या सुमाराला वेताळ टेकडीवर न्या. अँटेना पूर्ण उघडा आणि ९४०० ते ९९०० आणि ११६०० ते १२१०० किलोहर्ट्झ हे दोन पट्टे सावकाश फिरा. कोणत्या वारंवारतेवर काय लागलं ते वहीत लिहा. घरी येऊन त्याच वारंवारता लावा. टेकडीवर खणखणीत आणि घरी नाही, म्हणजे दोष रेडिओचा नाही, घराचा आहे. टेकडीवरही काही नाही, तर रेडिओ परत करा.

आता घराचा दोष शोधायचा. यात लोक घाई करतात, म्हणून सविस्तर लिहितो. रेडिओ सेलवर चालवा, चार्जरची वायर काढून. सहा, साडेनऊ, पावणेबारा आणि साडेपंधरा मेगाहर्ट्झच्या आसपास एकेक रिकामी जागा शोधा आणि तिथली खरखर लक्षात ठेवा. मग मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही त्याच्या बटणाने बंद करा. मेन गेला की तो चालू होऊन अर्धं घर पुन्हा जिवंत करतो आणि तुमची चाचणी फुकट जाते. खरखर पडली तर एकेक एमसीबी वर करा, मग त्या सर्किटवरची एकेक वस्तू. अडॅप्टरला फोन जोडलेला नसला तरी तो चालू सॉकेटमध्ये आहे तोवर आवाज करतो, म्हणून नुसता फोन काढून भागवू नका, अडॅप्टर उपटून काढा.

आवाजावरून बरंच कळतं. दर पन्नास-सत्तर किलोहर्ट्झला एक फुगवटा येत असेल आणि तो हळूहळू सरकत असेल तर चार्जर किंवा एलईडीचा ड्रायव्हर. सलग जाड गुरगुर, पंख्याचा वेग कमी केला की वाढणारी, असेल तर गोल फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. कपॅसिटरचा, टप्प्याटप्प्याने बदलणारा रेग्युलेटर बसवला की ती जाते. लिफ्ट चालू झाली की येते आणि थांबली की जाते, तर लिफ्टच्या मोटरचा ड्राइव्ह. फक्त उन्हात येते आणि सूर्य मावळला की जाते, तर गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर. शेवटच्या दोन्हींवर तुम्ही काही करू शकत नाही, जागा बदलणं सोडून.

मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करूनही खरखर राहिली तर ती शेजारून येतेय. दिशा काढायला मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) वापरा, कारण रेडिओच्या आतली फेराइटची (काळ्या चुंबकीय पदार्थाची) कांडी दिशा ओळखते, टेलिस्कोपिक अँटेना ओळखत नाही. मध्यम लहरींवर रिकाम्या जागी रेडिओ टेबलावर सपाट फिरवत राहा. खरखर सगळ्यात कमी होईल तेव्हा कांडीचं टोक गोंगाटाकडे असतं. कांडी बहुतेक रेडिओंत वरच्या कडेला आडवी असते. दोन खोल्यांतून दोन रेषा काढल्यात की त्या जिथे छेदतात तिथे गुन्हेगार.

स्वतःच्या घरातला सापडला तर बदला, किंवा त्याच्या वायरवर फेराइट बसवा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या गल्लीत चिमट्याचे फेराइट मिळतात. एकदा वायर आरपार नेऊन उपयोग नाही. चार-पाच वेढे द्या, कारण रोध वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. भोक मोठं असलेला घ्या म्हणजे वेढे मावतील. फेराइट गोंगाट करणाऱ्या वस्तूच्या अगदी जवळ लावायचा, रेडिओपाशी नाही. शॉर्टवेव्हसाठी मिक्स ३१ चा (हा फेराइटच्या मिश्रणाचा प्रकार) मिळाला तर उत्तम.

एवढं केल्यावर वायर. आरसीसीच्या सळयांच्या पिंजऱ्यात रेडिओ ठेवून बाहेरची लहर आत येण्याची वाट पाहू नका. प्लास्टिकचं आवरण असलेली पाच ते सात मीटर साधी वायर खिडकीतून किंवा बाल्कनीतून बाहेर काढा, भिंतीपासून आणि विजेच्या वायरिंगपासून जितकी लांब जमेल तितकी. जाडीने फरक पडत नाही. दुसरं टोक रेडिओच्या ३.५ मिलिमीटर अँटेना सॉकेटला, नाहीतर मगरचिमट्याने टेलिस्कोपिक अँटेनाला. वीस-तीस मीटर टाकलीत तर हातातले रेडिओ भरून जातात: एक स्टेशन दहा ठिकाणी ऐकू येतं आणि सगळ्याचं कालवण होतं. तसं झालं तर रेडिओवर संवेदनशीलता कमी-जास्त करणारा डीएक्स-लोकल स्विच असल्यास तो लोकलवर करा, नाहीतर वायर कमी करा. जागा कमी असेल तर एमएलए-३० प्रकारचं सक्रिय लूप, म्हणजे अँप्लिफायर जोडलेलं अँटेनाचं कडं, बाल्कनीत लावता येतं. ते साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचं असतं आणि दिशा फिरवून गोंगाट कमी करता येतो. पण त्याला यूएसबीचे पाच व्होल्ट लागतात. चार्जरवरून दिलेत तर तुम्ही गोंगाट थेट अँटेनात ओतताय. पॉवर बँकेवर चालवा, आणि तीही दोन-तीन करून बघा, काहींच्या आतला कन्व्हर्टर तितकाच वाईट असतो.

आता रेडिओ. पीएल-३३० मी तुमच्या वापरासाठी सांगतोय कारण तो शर्टाच्या मोठ्या खिशात जातो, १७११ ते २९९९९ किलोहर्ट्झ सलग धरतो, एसएसबी आहे, सिंक्रोनस डिटेक्शन (सिंक) आहे, या दोन्हींचा उपयोग पुढे सांगतो, आणि बॅटरी बीएल-५सी आहे. ही नोकिया ११०० ची बॅटरी. कोल्हापूरपासून गुवाहाटीपर्यंत कुठल्याही मोबाइलवाल्याकडे मिळते. नवी घेताना नखाने दाबून बघा, फुगीर असेल तर घेऊ नका. ईटीएम+ नावाचं बटण नव्या गावात उपयोगी: रेडिओ स्वतः सगळे पट्टे चाळून लागलेली स्टेशनं तासानुसार वेगळी साठवतो, तुमच्या कायमच्या मेमरीला हात न लावता. त्याचा स्पीकर मात्र लहान आहे. स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजात तो पुरत नाही, हेडफोन लावा.

दुसरा पर्याय एक्सएचडेटा डी-८०८: त्याचा आवाज भरदार आहे आणि बारीक ट्युनिंग चांगलं, पण सिंक नाही. त्यात १८६५० आकाराचा गोल लिथियम सेल आहे. बाजारात ९९०० मिलिअँपिअर अवर छापलेले १८६५० मिळतात, ते सरळ खोटे असतात. या आकारात खरी क्षमता साधारण ३५०० च्या वर जात नाही. शिवाय संरक्षक सर्किटवाला सेल थोडा लांब असतो, खोबणीत बसतो का ते आधी बघा. पेन्सिल सेलवरच चालणारा हवा असेल तर पीएल-६६०: चार सेल, उत्तम सिंक, पण प्रवासाला जड. पीएल-८८० आणि पीएल-९९० घरचे रेडिओ आहेत. तुमची फिरती बघता ते कपाटातच राहतील.

सिंक कशासाठी, तर शॉर्टवेव्हवर आवाज मावळताना फाटतो, शब्द चिरकतात. सिंक ते फाटणं कमी करतं आणि शेजारचं स्टेशन घुसत असेल तर दुसरी बाजू निवडू देतं. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, लहरीची एकच बाजू पाठवतात (तेच एसएसबी), आणि एसएसबीशिवाय ती बदकासारखी ऐकू येतात. ७००० ते ७२०० वर एलएसबी (खालची बाजू) लावायचं, १४ मेगाहर्ट्झला यूएसबी (वरची बाजू, चार्जरचं यूएसबी नव्हे). बँडविड्थचं, म्हणजे रेडिओ किती रुंद पट्टी ऐकतो ते ठरवणारं, बटणही लागतंच, कारण शॉर्टवेव्हवर स्टेशनं पाच-पाच किलोहर्ट्झवर असतात. साधारण साडेतीन किलोहर्ट्झचं फिल्टर लावलं की शेजारी गप्प होतो. मध्यम लहरींचं पाऊल ९ किलोहर्ट्झवर ठेवा. १० वर राहिलं तर आकाशवाणी पुण्याचं ७९२ नेमकं लागणारच नाही. डीएसपी, म्हणजे सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या, चिपच्या रेडिओंत भरभर चाक फिरवलंत तर अशक्त स्टेशन मुकं होऊन निघून जातं. एकेक किलोहर्ट्झ जा आणि क्षणभर थांबा.

लाकडी दिसणारे, ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह, टॉर्च आणि "८ बँड" लिहिलेले रेडिओ भेट म्हणूनही घेऊ नका. रेडिओ आलेली लहर आत एका ठरावीक वारंवारतेवर (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी) आणतो, आणि यांत बहुधा तशी एकच, ४५५ किलोहर्ट्झची, असते. म्हणून ९५०० चं जोरकस स्टेशन ८५९० लाही दिसतं, बरोबर ९१० खाली, आणि माणसाला वाटतं किती स्टेशनं लागताहेत.

जुना सोनी घ्यायचा मोह होईल. आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर चांगल्या स्थितीत मिळाला तर जरूर घ्या. एसडब्ल्यू१ आणि एसडब्ल्यू५५ यांचे पृष्ठभागावर बसवलेले कपॅसिटर गळतात आणि सर्किट बोर्डावरचे ट्रॅक खातात. कपॅसिटर बदलल्याचा पुरावा नसेल तर सोडा. कोणत्याही जुन्या रेडिओवर रबरी लेप चिकट झालाय का ते बोटाने बघा, पावसाळ्यात तो आणखी वाईट होतो.

वेळ चुकली तर यातलं काहीही उपयोगाचं नाही. ढोबळपणे दिवसा १० मेगाहर्ट्झच्या वर, रात्री खाली. पुण्यात सूर्यास्ताच्या आगेमागे दीड तास सगळ्यात श्रीमंत. वेळापत्रकं यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, आपण साडेपाच तास पुढे: १४०० म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वारंवारता बदलतात, मग लोक म्हणतात स्टेशन बंद पडलं. काल लागत होतं तिथे आज फक्त सलग हिस्स आवाज, साधारण दहा किलोहर्ट्झ रुंद, लागला तर ते डीआरएम डिजिटल प्रक्षेपण असतं. त्याला वेगळा रेडिओ लागतो, तुमचा बिघडलेला नाही. तपासायला १०००० आणि १५००० लावा, चीनचे वेळेचे ठोके ऐकू आले तर त्या पट्ट्यावर आज मार्ग उघडा आहे.

हॉटेलात खोली मिळताच मिनीफ्रिजचा प्लग आणि टेबलदिवा काढा, रेडिओ खिडकीच्या काचेला टेकवा, वायर पडद्याच्या दांडीवर टाका. काचेवर धातूचा परावर्तक लेप असेल तर लहर आत येत नाही. खिडकी उघडत नसेल तर जिन्यातली किंवा गच्चीची जागा विचारा. विमानात रेडिओ हातातल्या बॅगेत ठेवा, लिथियमचे सुटे सेल तर चेक-इनमध्ये देताच येत नाहीत. कळा लॉक करा, नाहीतर बॅगेत चालू होऊन बॅटरी संपलेली असते.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. परदेशातून मागवलात तर सीमाशुल्क वेगळं पडतं आणि कधी कधी बॅटरीशिवाय येतो, किंमत बघताना ते धरा. आणि खिडकीबाहेरची वायर एप्रिल-मेमध्ये, वळवाचे ढग दिसताच, रेडिओतून काढून ठेवा. वीज इमारतीवर पडायची गरज नाही, जवळपास कडाडली तरी रेडिओतला अँटेनाकडचा पहिला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. कोरड्या हवेत वायर जोडण्याआधीही तिचं उघडं टोक नळाच्या धातूला टेकवून घ्या, म्हणजे तिच्यावर साठलेली स्थिर वीज निघून जाते.