डाएट कुत्र्याचा, वही काकांची

"मॅडम, तो अशा नजरेने बघतो ना, की नाही म्हणवतच नाही."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरचा 'मॅडम, तो' म्हणाला की पुढचं मलाच येतं. मी समुपदेशक, माझ्याकडे खरंतर लोक घरातली भांडणं घेऊन येतात, कुत्रे नाही. पण ओळखीच्या एक व्हेट, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टर, अधूनमधून अशी घरं पाठवतात जिथे डाएट चार्ट फ्रीजवर लावलेला असतो आणि कुत्रा तरी वाढतच असतो.

त्यातलंच हे एक घर, थोडे तपशील बदललेत. सात वर्षांचा लॅब्रॅडोर, वजन 38 किलो, हवं 30च्या आसपास. नसबंदी झालेली, त्यानंतर भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र कमी होते हे यांना कोणी सांगितलंच नव्हतं. थायरॉइड वगैरे तपासण्या नॉर्मल. त्या आधी करून घ्याच हं, आजाराने वाढलेलं वजन माझ्याशी गप्पा मारून उतरत नाही.

पहिल्या दिवशी काका, काकू आणि मुलगी, तिघं एकमेकांकडे बोट दाखवत बसले. मी म्हटलं, प्रत्येकाने आठवडाभर वेगळ्या कागदावर लिहा, आपण काय दिलं ते. व्हेटने दिवसाला साधारण 900 कॅलरी सांगितल्या होत्या, म्हणजे वरचा खाऊ फारतर 90चा, एक दशांश. दोघींच्याच कागदांची बेरीज दिवसाला 1300 झाली. काकांचा कागद कोरा.

तिसऱ्या भेटीतही कोरा. काकू चिडल्या, "चोरून देतात आणि लिहीत नाहीत!" मी काहीच बोलले नाही. बराच वेळ गेला, मग काका खाली बघत म्हणाले, "मला शुगर निघाल्यापासून माझ्या ताटात काय पडणार ते या दोघी ठरवतात. घरात तो एकटाच आहे ज्याला माझ्याकडून काहीतरी हवं असतं. आता त्याचंही मोजून द्यायचं?"

काकू एकदम गप्प. मुलगी रडायला लागली.

मी पहिल्यापासून मानत आलेय की त्रास एकाच्या अंगावर दिसतो पण तो असतो अख्ख्या घराचा, इथे तर तो चार पायांवर चालत आला होता. व्हेटने नंतर विचारलं, तू नेमकं केलंस काय? म्हटलं, गप्प बसले. (ते शिकायला वीस वर्षं लागली, ते सांगितलं नाही.)

मग मी काकूंना विचारलं, कुत्र्याचं सगळं खाणं काकांच्या ताब्यात द्याल का, पूर्ण? त्यांना ते जड गेलं, पण दिलं. काकांनी वजनकाटा घेतला, वही घातली. कपाने मोजायचं बंद, कारण कप प्रत्येकाचा वेगळा भरतो. सकाळी दिवसभराचं खाणं ग्रॅममध्ये मोजून एका डब्यात, कोणालाही लाड करायचे असतील तर त्याच डब्यातून, डबा संपला की संपला. नेहमीचंच खाणं निम्मं करायचं नाही, त्यात प्रोटीन आणि व्हिटॅमिनही निम्मे होतात, म्हणून व्हेटने दिलेलं वजन कमी करायचं खाणं. उपास तर अजिबात नाही. आठवड्याला उतरवायचं ते वजनाच्या एक टक्का, जास्तीत जास्त दोन, म्हणजे याचे पाच-सहा महिने धराच. फिरणं आधी दहा-दहा मिनिटं दोनदा, मग हळूहळू वाढवत, कारण सांध्यांवर आधीच भार असतो. वजन दर दोन आठवड्यांनी, व्हेटच्याच काट्यावर.

काकांनी एकदा विचारलं, "पण तो खरंच भुकेला असला तर?" रास्त प्रश्न. 2016मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडोरमध्ये भुकेशी संबंधित एका जीनचा तुकडाच गायब असतो. "म्हणजे नाटक करत नाही तो," काका एवढे खूश झाले की विचारू नका. मग तेवढंच खाणं चार वेळा विभागलं, थोडं आत खाणं लपवायच्या खेळण्यातून, आणि मधे मागायला आला की गाजराचा नाहीतर काकडीचा तुकडा, तोही वहीत लिहून. कांदा, द्राक्षं, मनुके कधीच नाही, ते विषारी. आणि तो तुकडा द्यायच्या आधी पाच मिनिटं बॉल खेळायचा. बऱ्याचदा तेवढ्यावरच तो जाऊन झोपायचा.

घरी अंदाज हवा असेल तर बरगड्यांवर हात फिरवा. आपल्या हाताच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात तशा लागल्या तर ठीक, तळहातासारखं मऊ लागलं तर वजन जास्त.

नवव्या आठवड्यापर्यंत 34.6 किलो. त्यानंतर दोन आठवडे काटा तिथेच. काका वही घेऊन आले, सगळे ग्रॅम बरोबर, खरंच बरोबर. काकू पर्सची चेन उघडबंद करत होत्या.

"रात्री झोपताना एकच बिस्कीट देते मी," त्या शेवटी म्हणाल्या.

काकांनी पेनाचं टोपण काढलं. "एक म्हणजे किती?"